दादरचा शनिवारचा क्वांटम वर्ग : फी वसूल आहे, फक्त ते हँडआऊट बदला

क्वांटम मेकॅनिक्सवर, म्हणजे अणू आणि त्याहून सूक्ष्म कणांच्या फिजिक्सवर, सर्वसामान्य माणसासाठी म्हणून जे काही मिळतं ते एक तर गणिताने गच्च भरलेलं असतं नाहीतर मग "तुम्ही बघत नाही तोपर्यंत जग नसतंच" असल्या वाक्यांचं असतं, आणि ह्या दुसऱ्या प्रकाराचा मला मनापासून राग येतो, कारण विज्ञानाने अमुक सिद्ध केलं असं ठोकून सांगतात आणि ते सिद्ध करायच्या आधी काय काय मुकाट्याने धरून चाललो होतो त्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. दादर वेस्टला शनिवारी संध्याकाळी चालणारा हा वर्ग पूर्ण त्या मुकाट्याने धरलेल्या गोष्टींवर आहे. मराठीत असं काही मी आजवर पाहिलं नव्हतं, म्हणून जरा सविस्तर लिहितेय, ज्यांना पुढच्या बॅचला जायचंय त्यांच्या उपयोगी पडेल.

आधी कामाचं. स्टेशनपासून चालत जाण्यासारखं आहे, जुनी बिल्डिंग, दुसरा मजला, लिफ्ट नाही, त्यामुळे गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी आधी विचार करा. फी साडेतीन हजार, कॉलेजच्या मुलांना अर्धी. शिकवतात दोघं, एक रिटायर्ड फिजिक्सच्या मॅडम आणि त्यांचाच एक जुना विद्यार्थी जो आता पीएचडी करतोय, त्याला सगळे दादाच म्हणतात, अगदी त्याच्या दुप्पट वयाचे काकासुद्धा. बोलणं सगळं मराठीत, शब्द जिथे इंग्लिश आहेत तिथे इंग्लिश. बारावीचं गणित आठवत असेल तर पुरे, नसेल आठवत तरी अडत नाही.

पहिल्या वर्गात पोलरॉइडचे, म्हणजे ठराविक दिशेत थरथरणाराच प्रकाश जाऊ देणाऱ्या फिल्मचे, तुकडे हातात देतात. दोन तुकडे आडवे-उभे एकमेकांवर धरले की अंधार, मधे तिसरा तिरका सरकवला की उजेड परत येतो. असले तुकडे लॅमिंग्टन रोडला जुन्या एलसीडी स्क्रीनमधून काढून मिळतात, तुम्ही घरीही करून बघू शकता. सगळ्यांनी वा वा केलं आणि मॅडमनी लगेच सांगितलं की हे बघून क्वांटमबद्दल काहीही सिद्ध होत नाही, प्रकाश ही लाट आहे एवढं धरलं की एकोणिसाव्या शतकातल्या फिजिक्सने हे सगळं नीट समजतं, अशा तुकड्यांतून किती उजेड जाईल ते सांगणारा मालसचा नियम १८०९ चा आहे. मला तिथेच वर्ग आवडला. यूट्यूबवर हाच प्रयोग दाखवून "बघा, वास्तव कसं कोसळतं" म्हणणारे ढिगाने आहेत, आणि इथे शिकवणारीच स्वतःच्या हातातला चमत्कार बाजूला ठेवते.

मग फॉन नॉयमान ह्या गणितज्ञाची गोष्ट. १९३२ साली त्याच्या पुस्तकात एक प्रूफ आलं की क्वांटम मेकॅनिक्सच्या खाली आणखी खोलवर लपलेली, सगळं आधीच ठरवणारी माहिती, म्हणजे ज्याला हिडन व्हेरिएबल म्हणतात ती, असूच शकत नाही. नाव इतकं मोठं की पुढची कितीतरी वर्षं लोक त्या प्रूफकडे बोट दाखवून विषय मिटवायचे. १९३५ मधे ग्रेटे हरमन नावाच्या जर्मन बाईने, ती गणितज्ञ एमी नोएदरची विद्यार्थिनी, दाखवून दिलं की प्रूफमधे एक पायरी हवेत आहे. दोन राशींची, म्हणजे मोजता येणाऱ्या दोन गोष्टींची, बेरीज मोजली तर सरासरीसुद्धा तशीच बेरजेने येते हे क्वांटम मेकॅनिक्समधे खरं आहे, पण लपलेल्या माहितीच्या प्रत्येक वेगळ्या अवस्थेतही ते खरंच असलं पाहिजे असं फॉन नॉयमानने धरून टाकलं, आणि ज्या दोन राशी एकत्र मोजताच येत नाहीत तिथे असं धरायला काहीही आधार नाही. तिचं म्हणणं फारसं कोणी वाचलंच नाही. १९५२ मधे डेव्हिड बोम ह्या फिजिसिस्टने प्रत्यक्ष एक थिअरी मांडली जिच्यात कणाला प्रत्येक क्षणी ठराविक जागा असते आणि उत्तरं सगळी नेहमीच्या क्वांटम मेकॅनिक्सचीच येतात, म्हणजे जे अशक्य म्हणून सिद्ध झालं होतं ते समोर उभं होतं, आणि जॉन बेल ह्या दुसऱ्या फिजिसिस्टने त्या प्रूफची तीच चूक नीट उलगडून छापली ती १९६६ मधे. हरमनच्या नंतर ३१ वर्षांनी! मॅडम हे सांगताना जरा थांबल्या होत्या आणि मलाही ते फार लागलं. बाई म्हणून, की चुकीच्या जर्नलमधे लिहिलं म्हणून, की लोकांना उत्तर आधीच हवं होतं म्हणून, त्यावर वर्गात बराच वेळ बोलणं झालं आणि दादाने ते थांबवलं नाही ह्याचे जास्तीचे मार्क.

पण खरा पैसा वसूल होतो तो खेळाच्या शनिवारी. ह्याबद्दल मी सगळ्यांना सांगत सुटलेय. जोड्या पाडतात, जोडीतला एक ह्या खोलीत, दुसरा पलीकडच्या खोलीत, मोबाईल जमा. दोन्ही खोल्यांत नाणं उडवतात, तुम्हाला तुमच्याच खोलीतलं नाणं दिसतं, आणि तुम्ही फक्त "हो" किंवा "नाही" म्हणायचं. दोघांचं उत्तर सारखं आलं की जिंकलात, फक्त दोन्हीकडे छापा पडला असेल तर उत्तरं वेगळी यायला हवीत. आधी हवं तेवढं बसून ठरवा, खोलीत गेल्यावर काही नाही. सगळ्या जोड्या पंचाहत्तर टक्क्यांच्या आसपास अडकतात. का ते मॅडमनी फळ्यावर दोन मिनिटांत दाखवलं, समजा प्रत्येकाच्या खिशात चिठ्ठी आहे, काटा पडला तर काय म्हणायचं आणि छापा पडला तर काय म्हणायचं, तर तुझं काट्याचं उत्तर माझ्या काट्याच्या आणि माझ्या छाप्याच्या दोन्ही उत्तरांसारखं हवं, आणि तुझं छाप्याचं उत्तर माझ्या काट्याच्या उत्तरासारखं हवं, मग चारही उत्तरं आपोआप एकच झाली की, आणि दोन्हीकडे छापा पडला की हरलात. चारपैकी तीनच जमतात, चौथं कधीच नाही. हे बेलच्या १९६४ च्या थिअरमचंच रूप, १९६९ मधे क्लाउझर, हॉर्न, शिमोनी आणि होल्ट ह्यांनी जी असमानता, म्हणजे अशा जुळणीवरची वरची मर्यादा, दिली तिच्यातून आलेलं. आणि एन्टँगल्ड फोटॉनची, म्हणजे एकमेकांशी क्वांटम पद्धतीने जोडलेल्या प्रकाशकणांची, जोडी वाटून घेतलेली असेल तर हाच खेळ साधारण ८५ टक्के वेळा जिंकता येतो. स्वतः तासभर डोकं लावून पंचाहत्तरवर अडकल्यावर तो ८५ चा आकडा ऐकला की अंगावर येतो, नुसतं वाचून ते होत नाही.

पुढचा भाग त्याहून भारी. मॅडम म्हणाल्या, "आता वाट्टेल ती लबाडी करा आणि जिंकून दाखवा." पहिल्या जोडीने लपवलेल्या दुसऱ्या फोनवरून मेसेज केले, शंभर टक्के जिंकले, फळ्यावर लिहिलं गेलं : लोकॅलिटी. म्हणजे इकडची निवड तिकडे कळत नाही हे आपण धरलं होतं. दुसऱ्या जोडीने आधीच ठरवलं होतं की पहिल्या फेरीत तिकडे काटा पडणार असं समजून चालायचं, दुसऱ्या फेरीत छापा, असं करत करत, आणि तसं नाणं पडलं नाही तर तिकडच्याने "आवाजच आला नाही" म्हणून गप्प बसायचं. निम्म्या फेऱ्या बाद झाल्या आणि उरलेल्या सगळ्या जिंकल्या! फळ्यावर : फेअर सॅम्पलिंग. खऱ्या प्रयोगात डिटेक्टर बरेच फोटॉन चुकवतात आणि जे सापडले ते सगळ्यांचे प्रामाणिक प्रतिनिधी आहेत असं धरलेलं असतं, १९७२ चा फ्रीडमन आणि क्लाउझरचा प्रयोग घ्या की १९८२ चा अस्पेचा, दोन्हीकडे ही फट होतीच. ती आणि लोकॅलिटीची फट एकाच प्रयोगात बुजवायला २०१५ उजाडलं, नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला १.३ किलोमीटर अंतरावर ठेवलेल्या दोन हिऱ्यांमधल्या इलेक्ट्रॉनवर, आणि त्याच वर्षी व्हिएन्ना आणि अमेरिकेतल्या बोल्डरला फोटॉनवर. तिसऱ्या जोडीने काय केलं तर नाणं उडवणाऱ्यालाच फितवलं, कुठल्या फेरीत काय पडणार ते आधीच ठरलेलं. फळ्यावर : निवडीचं स्वातंत्र्य. म्हणजे प्रयोग करणाऱ्याची निवड आणि कणांच्या आतली लपलेली माहिती ह्यांचा आधीपासून काही संबंध नाही, हेही आपण धरलंच होतं की. ते तपासायला २०१८ मधे लांबच्या क्वेसारच्या, म्हणजे दूरच्या आकाशगंगांच्या अतिशय तेजस्वी केंद्रांच्या, प्रकाशावरून निवडी केल्या, अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश, म्हणजे फितवाफितवी असलीच तर तेव्हापासूनची असायला हवी. ही फट पूर्ण बंद करता येत नाही, मागे मागे ढकलता येते फक्त, आणि फिजिक्सचं नोबेल मिळालेला 'ट होफ्टसारखा माणूस आजही ती फट गंभीरपणे धरून बसलाय.

मग डोंबिवलीच्या काकांनी विचारलं, "मॅडम, उत्तर एकच येतं हे तरी नक्की ना?" आणि मॅडम इतक्या खूष झाल्या की बस, कारण तेही गृहीतकच आहे. १९५७ च्या एव्हरेटच्या मांडणीत दोन्ही उत्तरं येतात, प्रत्येक उत्तरासोबत ते बघणाराही, आणि मग बेलच्या हिशोबाला हात घालायची गरजच पडत नाही. खेळात ही लबाडी करता येत नाही, थिअरीत मात्र करता येते.

आता ज्यावरून वर्गात भांडण झालं ते. मागच्या बाकावरच्या कॉलेजच्या मुलीने विचारलं की चिठ्ठीवर उत्तर आधीच लिहिलेलं असतं हेच तुम्ही का धरता, मी ऐनवेळी ठरवलं तर? मला वाटतं पूर्ण कोर्समधला सगळ्यात चांगला प्रश्न हाच. मॅडमचं म्हणणं, ठरव ऐनवेळी, स्वतःचं वेगळं नाणं उडवून ठरव, पंचाहत्तरच्या वर तरीही जात नाही. त्यामुळे "उत्तर आधीपासून असतं" हे बेलचं गृहीतक नाहीच. १९३५ मधे आइनस्टाईन, पोडोल्स्की आणि रोझेन ह्यांनी दाखवलेलं की इकडे मोजल्याने तिकडे काही बिघडत नाही असं मानलं आणि तरी तिकडचं उत्तर इकडून शंभर टक्के सांगता येत असेल तर ते उत्तर तिकडे आधीपासून असणारच, जसं चपलांच्या जोडातली एक ठाण्याला गेली आणि दादरच्या पिशवीत डावी निघाली तर ठाण्याची उजवी हे निघतानाच ठरलेलं होतं. म्हणजे आधीपासून असलेलं उत्तर हे लोकॅलिटीतून निघतं, वेगळं धरावं लागत नाही. बेलने स्वतः पुढे तक्रार केली होती की माझा पेपर तिथून सुरू होतो आणि लोक मात्र मी आधीपासून ठरलेली उत्तरं गृहीत धरली असंच सांगत सुटतात. मग प्रयोगात जे पडलं ते लोकॅलिटी, वास्तव नव्हे.

दादाला हे अजिबात मान्य नाही, आणि तो मॅडमसमोर उभा राहून बोलला ह्याचं मला कौतुक आहे. तो म्हणाला, ऐनवेळी नाणं उडवा म्हणता, पण हिशोब करताना दोन लांबच्या गोष्टी जुळत असतील तर मागे कुठेतरी एक समान कारण असणार आणि ते कारण कळलं की दोन्हीकडच्या शक्यता एकमेकींपासून सुट्या होणार, हे तुम्ही धरताच. जुळणीला असं कारण असायलाच हवं हा सुद्धा वास्तवाबद्दलचा एक आग्रहच झाला. क्यूबिझमवाले (चित्रकलेतला नव्हे, क्वांटमचा अर्थ लावायचा एक पंथ, QBism), म्हणजे फुक्स, मर्मिन वगैरे, तिथेच हात वर करतात, त्यांच्या मते क्वांटम अवस्था म्हणजे माझ्या पुढच्या अनुभवावर मी लावलेली पैज, बाहेरच्या जगाचा फोटो नव्हे, आणि मग काहीही इकडून तिकडे झटक्यात गेलं असं म्हणावं लागत नाही. काका म्हणाले, "मग दोन माणसांच्या पैजा जुळतात कशा?" दादा म्हणाला की काका, हाच माझ्यावरचा सगळ्यात कठीण आक्षेप आहे. मिटलं नाही. मॅडमनी मिटवायचा प्रयत्नसुद्धा केला नाही, चहा आला.

माझं मत विचाराल तर मी मॅडमच्या बाजूची, आणि कारण बोम. बोमच्या थिअरीत कण आहे, त्याला जागा आहे, कोणी बघो न बघो, म्हणजे ज्याला आपण रोजच्या बोलण्यात वास्तव म्हणतो ते शाबूत, आणि प्रयोगांची उत्तरं सगळी बरोबर. त्याची किंमत अशी की इथल्या कणाचा वेग लांबच्या कणाच्या जागेवर त्याच क्षणी अवलंबून असतो. शिवाय तिच्यात स्पिनचं, म्हणजे कणाच्या एका अंगच्या गुणधर्माचं, उत्तर कणाच्या पोटात आधीपासून लिहिलेलं नसतं, कण आणि यंत्र दोघं मिळून ते घडवतात. म्हणजे "जग आपल्याशिवाय आहे" ही एक गोष्ट, "प्रत्येक मोजमापाचं उत्तर आधीपासून तयार असतं" ही दुसरी गोष्ट, आणि "वेव्ह फंक्शन (क्वांटम अवस्थेचं गणिती वर्णन) हीच खरीखुरी वस्तू आहे" ही तिसरी. १९६७ च्या कोखेन आणि स्पेकरच्या थिअरमने दुसरीला चांगलाच धक्का दिला, कुठल्या बाकीच्या गोष्टींसोबत मोजलं ह्याची पर्वा न करता सगळ्यांना आधीच उत्तरं वाटून ठेवता येत नाहीत. तिसरी पटवायला २०१२ मधे पुसी, बॅरेट आणि रुडॉल्फचा पेपर आला, पण त्यातही वेगवेगळ्या तयार केलेल्या दोन सिस्टिम आतूनही एकमेकींपासून सुट्या असतात असं धरलेलं आहे. पहिलीला ह्यातल्या कशानेच हात लागत नाही.

आणि म्हणूनच माझी मोठी तक्रार. शेवटच्या शनिवारी जे छापील हँडआऊट देतात, बहुतेक आयोजकांनी बनवलेलं, त्यात ठळक अक्षरात लिहिलंय की २०२२ च्या नोबेलने सिद्ध झालं, जग मोजण्याआधी वास्तवात नसतं. अहो, ह्याच वर्गात आम्ही खेळ खेळून शिकलो की धरलेल्या गोष्टींच्या यादीतलं कुठलं ना कुठलं एक सोडावं लागतं आणि कुठलं सोडायचं ते प्रयोग सांगत नाही! नोबेल समितीने अस्पे, क्लाउझर आणि झायलिंगर ह्यांना दिलेल्या सन्मानाचं कारण बेलच्या असमानता मोडतात हे प्रस्थापित केल्याचं आणि क्वांटम इन्फर्मेशनचा पाया घातल्याचं आहे, वास्तवाचा त्यात शब्दही नाही. "लोकल रिअॅलिझम" (लोकॅलिटी आणि वास्तव) हे दोन शब्द एका दमात म्हणून टाकायचे, मग पहिला गिळून दुसरा तेवढा गेला असं सांगायचं, ही सवय मोठ्या लोकांच्या लेखनातही आहे, पण इथे ती चालू नये. घरी गेल्यावर माणसाच्या हातात तेच पान राहतं आणि तेच व्हॉट्सअॅपवर फिरतं. मी लेखी कळवलंय, इथेही सांगतेय, जे पुढच्या बॅचला जातील त्यांनीही सांगा.

आणखी एक. वेदांताचा प्रश्न निघतोच, आमच्या वर्गातही निघाला. मॅडमनी फार छान सांभाळलं, क्वांटम मेकॅनिक्स घडवणाऱ्यांपैकी एक असलेल्या श्रोडिंजरला वेदांतात मनापासून रस होता हे खरं, ते तुम्हीही आवडीने वाचा, पण बेलच्या हिशोबात जाणीव नावाची राशी कुठेच येत नाही आणि डेल्फ्टच्या प्रयोगात निवड करणारी यंत्रं होती, नोंद घेणारीही यंत्रंच. कोणाचा अपमान नाही आणि खोटा होकारही नाही. विचारणाऱ्या आजोबांनी पुढच्या शनिवारी स्वतःहून पहिल्या बाकावर जागा धरली.

मुंबईकरांसाठी अजून एक छान गोष्ट कळली, कुलाब्याच्या टीआयएफआरमधे (टाटा मूलभूत संशोधन संस्था) वीरेंद्र सिंग आणि एस. एम. रॉय ह्यांनी नव्वदच्या दशकात ह्याच विषयावर काम केलंय. बोमच्या थिअरीत जागेला मान आणि मोमेंटमला (वस्तुमान गुणिले वेग) दुय्यम वागणूक, तर दोघांना समान वागवणारी थिअरी करता येईल का, असं. ह्यावर मला अख्खा एक शनिवार हवा होता, मिळाली पाचच मिनिटं. सुपरडिटरमिनिझम म्हणजे ती तिसऱ्या जोडीची लबाडी, तीही शेवटी घाईत उरकली, आणि दादाला क्यूबिझमवर अजून वेळ द्यायला हवा होता, मी त्याच्या विरुद्ध बाजूची असूनही सांगते. रेकॉर्डिंग देऊ म्हणाले होते ते अजून आलेलं नाही. पावसात लोकल बंद पडल्या त्या शनिवारचा वर्ग मात्र परत घेतला, न मागता.

कोणी जावं? ज्याला क्वांटम काँप्युटर शिकून नोकरी हवीय त्याने नाही, इथे एकही सर्किट शिकवत नाहीत. ज्याला कोणीतरी "विज्ञानाने सिद्ध केलंय" म्हणाल्यावर लगेच "काय धरून?" असं विचारायची खाज आहे त्याने नक्की. पाचपैकी साडेचार, अर्धा त्या हँडआऊटचा कापलाय. पुढची बॅच गणपतीनंतर आहे, जागा कमी असतात, आणि खेळाच्या शनिवारी उशिरा पोचू नका, जोडी आधीच पाडतात.